कुंभेरीचं तिसरं गेट

स्लाइड १ : गोष्ट एका ओळीत

*एका धरणाचं तिसरं गेट भर दुपारी उघडतं. सायरन वाजत नाही. खालच्या पुलावरून जाणारं जोडपं वाहून जातं. गेट उघडणारा हात कुणाचा?*

तौफिक मुजावरनं ही ओळ तीनदा वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "तोडकर, सगळं आहे यात. फक्त तू नाहीस."

"मी कशाला हवी?"

"नवव्या स्लाइडला. 'ही गोष्ट मीच का सांगायची.' तिथं तू काय लिहिलंयस? 'मला या विषयाची आवड आहे.' आवड काय, भरतकाम आहे का हे?"

केतकी तोडकर लिहायची, तौफिक निर्मिती बघायचा. पुण्याच्या फिल्म-वर्गापासूनची जोडी. सात वर्षांत दोन लघुपट आणि ठिबक सिंचनाच्या एका कंपनीचे अकरा माहितीपट त्यांच्या नावावर जमा होते. आता पहिल्यांदाच एका मोठ्या वाहिनीनं दार किलकिलं केलं होतं. पिच डेक पाठवा, म्हणाले. म्हणजे आठ भागांची मालिका दहा स्लाइडमध्ये अशी मांडायची, की वाचणाऱ्यानं अकरावी मागितली पाहिजे.

"तुझ्या वडिलांचं लिही," तौफिक हळूच म्हणाला.

केतकीनं लॅपटॉप मिटला.

स्लाइड ४ : मुख्य पात्र

*भीमराव माने, गेट ऑपरेटर. चौदा वर्षांच्या नोकरीत सायरनशिवाय एकदाही गेट उघडलेलं नाही. चौकशीत एकच वाक्य बोलतो : "मी उघडलं."*

भीमराव माने कुणी नव्हताच. होते ते विलास तोडकर. कुंभेरी धरणाच्या माथ्यावरच्या केबिनमध्ये चौदा वर्षं बसलेले, केतकीचे बाबा. चोवीस वर्षांपूर्वी त्यांनी चौकशीत तेवढं एकच वाक्य सांगितलं आणि त्या वाक्यावर दोन वर्षं तुरुंगात काढली. सुटून आल्यावर साताऱ्याच्या गच्चीत कुंड्यांमधून मिरच्या लावल्या, त्यांना मापून पाणी घातलं, आणि केतकी कॉलेजात असताना ते वारले. सायरन का वाजवला नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. घरात कुणी विचारलंही नाही.

मालिका लिहायला घेतली ती त्यासाठीच. गेट बाबांनी उघडलेलं नाही, असा एक तरी शेवट तिला हवा होता. खोटा चालला असता.

स्लाइड ९ : ही गोष्ट मीच का

तिच्याकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी ती फलटणला मामाकडे होती, अंगावर गोवर घेऊन. आईनं हे इतक्यांदा सांगितलं होतं की मामाच्या घराची ताडपत्रीसुद्धा तिला आठवल्यासारखी वाटे. धरणावर ती कधी गेलीच नव्हती.

तरी तिनं लिहिलं :

*मी पाच वर्षांची होते. बाबांचा डबा घेऊन केबिनमध्ये जायचे. निळ्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून खिडकीतून पाणी बघायचे. मला ते पाणी अजून ऐकू येतं.*

सगळं बनवलेलं. पिच डेकमध्ये एवढं सगळेच करतात. कुणाची आजी फाळणीत हरवते, कुणी झोपडीत जन्मतो. स्टूल निळं लिहिलं कारण निळा रंग पडद्यावर चांगला दिसतो.

"हां," तौफिक वाचून म्हणाला. "आता टाक चाळणीत."

मधली स्लाइड (डेकमध्ये नाही) : चाळणी

वाहिनीच्या माणसांनी डेक आधी वाचायचे दिवस संपले होते. आधी ते यंत्र वाचायचं. त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं; धंद्यात सगळे त्याला चाळणी म्हणत.

इयरफोनमध्ये मेंदूचे विद्युत तरंग टिपणारे संवेदक बसवता येऊ लागले, त्याला दहाएक वर्षं झाली होती. वाहिनीनं बारा हजार घरांत असे इयरफोन वाटले. दोन वर्षं माणसांनी ते घालून मालिका पाहिल्या, बातम्या पाहिल्या, काहीजण काढायचा कंटाळा करून तसेच झोपले. त्या नोंदींवरून प्रत्येकाचं एक गणिती प्रतिरूप तयार झालं. त्याला चित्र दाखवा, वाक्य ऐकवा. मूळ माणसाचा मेंदू कसा हलला असता ते प्रतिरूप सांगे. माणूस गावी गेला, म्हातारा झाला, वारला, तरी त्याचं प्रतिरूप आपल्या जागी बसून दाखवाल ते बघत असे.

प्रतिरूपाला आठवणी नसतात, असं वाहिनीच्या माहितीपत्रकात छापलं होतं. ते एका अर्थी खरं होतं. काय घडलं ते प्रतिरूपाला ठाऊक नसतं. कुठल्या दोन गोष्टी शेजारी आल्या की हा मेंदू दचकतो, तेवढंच त्यानं शिकलेलं असतं. पण झोपेत मेंदू दिवसाच्या आणि आयुष्याच्या जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा शेजारी मांडत असतो, आणि इयरफोन तेव्हाही चालू होते.

शिवाय एक जुनी, पक्की लाट आहे. ओळखीची, अर्थाची वस्तू समोर आली की सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात ती मेंदूत उठते. ठरवून आणणं कठीण, दाबणं त्याहून कठीण. पाच चाकू दाखवायचे, त्यांतला ज्याला लाट उठेल तो त्या माणसानं पाहिलेला, असे प्रयोग तपासासाठीही होऊन गेले होते. चाळणी ही लाट वेगळ्या कामाला वापरायची : आपलं वाटणारं दृश्य कुठलं, ते शोधायला.

केतकीच्या डेकला शंभरात चौसष्ट मिळाले. वाईट नाही, बरेही नाहीत.

खाली 'अपवाद' नावाचा एक रकाना होता. त्यात एकच ओळ :

*प्रेक्षक ११२०४. स्त्री, ५५ ते ६०, सातारा जिल्हा. स्लाइड ९, तिसरं वाक्य. ओळखीची लाट, अतितीव्र.*

तिसरं वाक्य स्टुलाचं होतं.

स्लाइड ९-अ, ९-आ, ९-इ, ९-ई

तिच्या मनात आलं ते तिनं लगेच झटकलं आणि तरी उठून साताऱ्याच्या घरातल्या आईच्या शिलाई मशीनचा खण उघडला. बाबा गेल्यावर घर फार गप्प वाटतं म्हणून आईनं वाहिनीचे इयरफोन घेतले होते. मालिका फुकट, वर दोन वर्षं सोबत. ती ते घालूनच झोपायची. पांढरी डबी बॉबिनच्या गर्दीत सापडली. तळाला नंबर छापलेला होता. ११२०४.

"काय शोधतीस?" बाहेरून आईनं विचारलं. शालन तोडकर बाहेरच्या खोलीत जमिनीवर पाय पसरून एका जांभळ्या साडीला फॉल लावत होत्या. गल्लीतल्या निम्म्या साड्या त्यांच्या हातून जात.

"कात्री."

"ती माझ्याकडं. लहान हवी तर खिडकीत बघ."

केतकी खिडकीपाशी गेली नाही. तिनं दार लोटलं, लॅपटॉप उघडला आणि स्लाइडच्या आणखी प्रती केल्या. एकीत स्टूल लाल. एकीत पांढरं. एकीत लाकडी. एकीत पुन्हा निळं.

लाल : सपाट. पांढरं : सपाट. लाकडी : सपाट.

निळं : लाट.

सकाळचे अकरा वाजले होते. गच्चीत ऊन होतं, खाली भाजीवाला ओरडत होता. दारापलीकडे आई बसली होती. अलीकडे, पडद्यावर, आईच बसली होती. पलीकडच्या आईला विचारायला धीर लागला असता. अलीकडच्या आईला नुसतं चित्र दाखवायचं होतं.

ती विचारत गेली.

केबिनच्या खिडकीबाहेर काय? रिकामं पाणी, होडी, पक्ष्यांचा थवा, पाऊस. थव्याला लाट.

केबिनच्या दारात कोण? बाबा, साहेब, अनोळखी माणूस, कुणीच नाही. कुणीच नाही, याला लाट.

"केतू, तासभर झाला तुझी टिकटिक चाललीय," बाहेरून आवाज आला. "दुसरं लग्न ठरवतीस का माझं?"

"काम आहे आई."

"कर बाई. मला हिरवा दोरा ओवून दे मग."

स्टुलावर कोण? हे तिनं शेवटी ठेवलं होतं. बाबा. साहेब. अनोळखी माणूस. सगळे सपाट. चौथं चित्र तिनं स्वतःच्या बालवाडीतल्या फोटोवरून बनवून घेतलं. दोन वेण्या, स्टुलावर उभी, हात उंच करून पॅनेलवरच्या तिसऱ्या बटणापाशी नेलेला.

लाट उठली ती आलेखाच्या चौकटीबाहेर गेली. मग खाली आली, आणि एक नवीन ओळ उमटली.

*प्रेक्षक ११२०४ : इयरफोन काढले.*

दोन वर्षांच्या नोंदींमध्ये आईनं काही दृश्यांना इयरफोन कानातून उपटून काढले असणार. पुराच्या बातम्या वगैरे. प्रतिरूप तेही शिकलं होतं. केतकीनं पुढची स्लाइड दाखवली. उत्तर नाही. आईचा आवडता पाककृतींचा कार्यक्रम लावला. उत्तर नाही. बारा हजारांतली ती एकच खुर्ची पाठ फिरवून बसली होती.

स्लाइड ९-उ : रद्द

"आई, गोवर आला तेव्हा मला मामाकडे कोण घेऊन गेलं?"

"मीच की."

"मग त्या दुपारी तू धरणावर कशी होतीस?"

सुई कापडात अर्धी शिरून थांबली. "कोण म्हणालं मी होते?"

केतकीनं लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. शालनताईंनी पडद्यावर बोट टेकवलं.

"वेण्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. "उवा झाल्या म्हणून मी बारीक केले होते केस. बॉबकट."

खाली भाजीवाला पुढच्या गल्लीत गेला होता.

"तुम्हाला डबा द्यायला आलो होतो आपण," त्या म्हणाल्या, आणि 'तुम्हाला' म्हणताना त्या केतकीशी नाही, बाबांशी बोलत होत्या. "पाण्यावर बदकं उतरली होती, शंभर तरी. मी म्हटलं, बाहेर या, बघा तरी. दोन मिनिटं उभे होतो कठड्याला. मग पायाखालून आवाज आला. एकदा दाबलं की ते गेट थांबवेपर्यंत वर जातच राहायचं. हे धावले. थांबवलं, पण खाली आणायला गेले तर वीज ट्रिप झाली. अकरा मिनिटं."

"मी?"

"तू टाळ्या वाजवत होतीस. पाणी आवडलं तुला."

केतकीनं काही म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"मला विचारायचं होतंस."

"तू खोटं बोलली असतीस."

"बोलले असते. ते माझं कामच होतं." त्यांनी सुई कापडातून बाहेर ओढली. "तू माझ्या डोक्यातून काढून घेतलंस."

"तुझ्या नाही. प्रतिरूपाच्या."

"मग ते कुणाचं डोकं म्हणायचं?"

केतकीनं पडद्यावरचं चित्र बंद केलं.

"वाहून गेलेल्या त्या दोघांचा मुलगा होता, आठ वर्षांचा," आई साडी गुडघ्यावर सारखी करत म्हणाली. "संदेश. पिसाळांचा. चुलत्यानं वाढवला. उंब्रजला झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं. दर वर्षी एकदा जाते मी. काही नसतं काढायचं. रेशनकार्ड नेते, नाहीतर लाइटबिल. एक प्रत काढून आणते."

"त्याला माहितीये तू कोण?"

"मी सांगितलं नाही. तो विचारत नाही." आणि मग, दोरा तोडून : "बाबांवरचा डाग पुसायचा असेल तर पूस. त्या मालिकेत मला दाखवू नकोस तेवढं."

स्लाइड १० : शेवट

*शेवट बैठकीत सांगितला जाईल.*

यामिनी कर्णिक वाहिनीत मालिका निवडायच्या. अंधेरीच्या कचेरीत त्यांच्यासमोर केतकीनं नवा डेक ठेवला. त्यात मुलगी नव्हती, स्टूल नव्हतं, नववी स्लाइड पुन्हा आवडीवर आली होती. आईला न दाखवता ती दुपार सांगता येत नव्हती.

यामिनीताईंनी तो चाळलासुद्धा नाही.

"केतकी, चाळणीत तुम्ही जे जे टाकलंत ते आमच्याकडे दिसतं. मुलगी स्टुलावर उभी आहे ती आवृत्ती. एक्क्याण्णव आले तिला. माझ्या कारकिर्दीत पहिल्यांदा बघते. ती का काढली?"

"ती गोष्टीत नाही."

"मग चाळणीत कुठून आली?"

तौफिक तिच्याकडे बघत होता. त्याला काही सांगितलेलं नव्हतं. पुण्याहून येताना साडेतीन तास तो लोकेशनचं बोलत होता आणि तिला सांगायला एकही वाक्य सापडलं नव्हतं.

"ती मी होते," केतकी म्हणाली. "गेट मी उघडलं. माझ्या वडिलांनी ते अंगावर घेतलं. वाहून गेलेली माणसं खरी आहेत."

यामिनीताईंनी पेन खाली ठेवलं. मनगटावरची बाही किंचित वर केली आणि हातावर आलेला शहारा तिला दाखवला.

"हे बघा. इतक्या वर्षांत मला कुणी असं पिच केलं नाही. हे, अगदी याच आवाजात, पहिल्या स्लाइडवर हवं."

"मी खरं सांगतेय."

"तेच म्हणतेय मी. खरंच वाटतं ते."

"मॅडम," तौफिक म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "ती पिच करत नाहीये."

यामिनीताई आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटू लागलं होतं. पण भिंतीवरचा पडदा त्यांच्याही आधी हलला. बैठक सुरू होताच चाळणी चालू होई. बारा हजार जणांनी केतकीचं बोलणं ऐकलं होतं आणि आकडा चढत होता. ब्याण्णव. त्र्याण्णव. यामिनीताईंची नजर तिकडे गेली, आणि उमटत होतं ते पुसलं गेलं.

"मी डेक मागे घेते," केतकी उठून म्हणाली.

"विचार करा. घाई नाही."

लोणावळ्याला तौफिकनं गाडी कडेला घेतली. मग म्हणाला, "तोडकर, पुढच्या वेळी निदान गाडीत सांगत जा. तीन वर्षं गेली माझी त्या धरणात."

"सॉरी."

"सॉरी कसलं. चहा घेणार का?" चहा समोर आल्यावर तो कपाकडे बघत म्हणाला, "माझी बहीण पाच वर्षांची असताना तिनं गॅसचं बटण फिरवलं होतं. आई वेळेवर आली. एवढाच फरक."

स्लाइड नसलेली जागा

उंब्रजच्या बसस्थानकासमोरच्या रांगेत तिसरं दुकान. फळकुटाचा काउंटर, त्यामागे यंत्र, त्यामागे बत्तीस वर्षांचा एक माणूस, दाढी नीट राखलेली. एका मुलीची गुणपत्रिका तो उलटी ठेवून झाकण दाबत होता. हिरवा उजेड झाकणाच्या फटीतून सरकत गेला.

केतकी मुलगी जाईपर्यंत थांबली.

गोष्ट कशी सुरू करायची हे तिचं पोटापाण्याचं कौशल्य होतं. पहिल्या दहा सेकंदांत ऐकणाऱ्याला धरायचं. कुठलं वाक्य आधी, कुठलं राखून ठेवायचं. ती सगळी हत्यारं काउंटरपाशी आल्याबरोबर तिला घाण वाटू लागली. तिनं सरळ नाव सांगितलं. मग वडिलांचं नाव सांगितलं. संदेश पिसाळनं हातातला कागदांचा गठ्ठा हळूच खाली ठेवला.

"कुंभेरीवरचे."

"हो. गेट त्यांनी उघडलं नव्हतं. मी उघडलं. पाच वर्षांची होते."

तिनं बदकं सांगितली, कठडा सांगितला, बटण सांगितलं, अकरा मिनिटं सांगितली. कुठेही थांबली नाही. बाहेर एक एसटी लागली, माणसं उतरली, एसटी गेली.

"पाणी पुलावर आलं ते तुम्हाला दिसलं का वरून?" त्यानं विचारलं. "म्हणजे माझे आईवडील दिसले का. गाडीवर होते. आईनं हिरवी साडी नेसली होती म्हणतात. मला कुणी सांगितलं नाही की त्यांना पळायला वेळ मिळाला का."

केतकी आठवायला लागली. स्टूल दिसलं, निळं. खिडकी दिसली, थवा दिसला, वेण्या घातलेली मुलगी दिसली. सगळं तिनंच बनवलेलं. प्रत्येक चित्राचा फाइल नंबर तिला सांगता आला असता. त्यामागे हात घातला तर काहीच लागत नव्हतं. खरं म्हणून तिच्यापाशी जे होतं ते सगळं दुसऱ्याच्या डोक्यातलं होतं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"मग हे सगळं कसं सांगितलंत?"

"माझ्या आईला आठवतं."

संदेशनं यंत्राचं झाकण उघडलं, काचेवर कुणाचा कागद राहिलाय का पाहिलं, पुन्हा लावलं. काच रिकामी होती.

"चष्मा आहे त्यांना," तो म्हणाला. "उंच आहेत. कागद देताना दोन्ही हातांनी देतात. गेल्या वर्षी गॅसचं पुस्तक आणलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी तेच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"कोण ते माहीत होतं. चुलत्यानं दाखवल्या होत्या एकदा. तोडकरांची बायको, म्हणाला. मला वाटायचं, नवऱ्यासाठी येतात." पुढचं गिऱ्हाईक पायरीवर येऊन थांबलं होतं. त्यानं त्याला हातानंच थांब म्हणून खुणावलं.

"यंदा अजून आल्या नाहीत त्या," तो म्हणाला. "त्यांना म्हणावं, या. पण या वेळी कागद आणू नका."